चित्रेच्या सरळ खाली बघा

प्रश्न: सर, दिवाळीत १० बाय ५० चा बायनॉक्युलर घेतला. कृत्तिका, मृगातला तेजोमेघ गच्चीवरून बघून झालं, आता उन्हाळ्यात काय बघू? आणि तुमचा स्वतःचा सगळ्यात आवडता तारकागुच्छ कोणता? (कोथरूड)

उत्तर: ओमेगा सेंटॉरी! कृत्तिका सुंदरच आहेत पण त्या जवळपास सगळ्या जगाला दिसतात हो, हा गुच्छ लंडन-पॅरिसवाल्यांच्या क्षितिजावर कधी येतच नाही आणि आपल्याला पुण्यातून चांगला २४ अंश वर मिळतो, तरी किती लोक बघतात?

शोधायला सोपाय. चित्रा (कन्या राशीतला ठळक तारा) बरोबर दक्षिणेला आली की, म्हणजे मेच्या मध्यावर रात्री साडेदहाला आणि महिनाअखेर साडेनऊला, हात लांब करून मूठ धरायची (एक मूठ साधारण १० अंश) आणि चित्रेपासून सरळ खाली साडेतीन मुठी उतरायचं. तिथे एक गोल, धूसर ठिपका दिसेल. प्राचीन खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीनं हा तारा म्हणूनच नोंदवला होता, १६७७ मध्ये हॅलीनं (धूमकेतूवाला हॅली) सेंट हेलेना बेटावरून बघितलं तेव्हा कळलं की हे काहीतरी वेगळंय. अंतर सुमारे १७ हजार प्रकाशवर्षं, तारे एक कोटीच्या घरात! कृत्तिकांचं वय १० कोटी वर्षं धरलं तर याचं १२०० कोटींच्या आसपास, आणि बऱ्याच खगोलशास्त्रज्ञांना वाटतं की आपल्या आकाशगंगेनं गिळलेल्या एका छोट्या दीर्घिकेचा (गॅलक्सीचा) हा उरलेला गाभा आहे. बायनॉक्युलरमधून तारे सुटे होणार नाहीत, पण सहा-आठ इंची टेलिस्कोप कुणाकडे मिळाला तर सोडू नका, रांगोळी सांडल्यासारखं दिसतं.

कोथरूडच्या गच्चीवरून मात्र अवघड आहे. भोर किंवा वेल्ह्याकडे जा, म्हणजे शहराचा उजेड पाठीमागे उत्तरेला राहतो. चाकणच्या बाजूला गेलात तर तोच उजेड नेमका दक्षिणेला येतो आणि सगळं वाया. अमावस्येच्या आसपासची रात्र धरा आणि कोपर गाडीच्या टपावर टेकवा, १० पट मोठं दिसताना हात फार हलतो. थांबलात तर मध्यरात्रीनंतर वृश्चिकाच्या नांगीजवळ मेसिए ७ हा तारकागुच्छ बघाच, त्यातले तारे बायनॉक्युलरमधूनही सुटे दिसतात. जूनमध्ये पाऊस आला की हे सगळं गेलं, त्यामुळे मे सोडू नका.

प्रश्न: मुलगी आठवीत आहे, तिला एप्रिलमध्ये गच्चीवरून साध्या बायनॉक्युलरनं काय दाखवू? (चिंचवड)

उत्तर: पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ. पुण्यात तो जवळजवळ डोक्यावरून जातो, त्यामुळे क्षितिजावरची धूळ आणि उजेड आड येत नाही. एप्रिलच्या मध्यावर रात्री आठला चटईवर आडवं पडायचं आणि पुनर्वसू नि मघा यांच्या मधला भाग बघायचा. नुसत्या डोळ्यांना शहरात काही दिसणार नाही, बायनॉक्युलर लावला की एकदम तारेच तारे. गॅलिलिओनं इथे चाळीसेक मोजले होते, तिलाही मोजायला लावा आणि आकडा कळवा.