वाचक विचारतात : आजी आणि नातवासह फणसाडची पायवाट

प्रश्न : डिसेंबरच्या अखेरीस दोन दिवसांची सवड आहे. सोबत सात वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखी असलेल्या सासूबाई असतील. फणसाड अभयारण्यात पायी फिरणे आणि अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत चालत जाणे, ही दोन्ही जमतील का? जंगलात प्राणी दिसले नाहीत तर मुलगा कंटाळेल, अशीही धास्ती वाटते.
— एक वाचक, पनवेल

उत्तर : दोन्ही जमतील, मात्र आखणीची सुरुवात किल्ल्यापासून करावी, कारण जंगलात जाण्याची वेळ थोडी मागेपुढे करता येते, ओहोटीची येत नाही.

किनाऱ्यावरची जुनी माणसे भरतीचा हिशोब तिथीवरून करतात. पंचांगात त्या दिवशीची तिथी पाहावी, तिच्या अंकाला (द्वादशी म्हणजे बारा, पौर्णिमा-अमावास्या म्हणजे पंधरा) तीनने गुणून चारने भागावे, म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. द्वादशीला सकाळी नऊच्या सुमारास भरती असेल, तर ओहोटी दुपारी सव्वातीनच्या आसपास येईल, आणि सहाच्या सुमारास सूर्य मावळण्याआधी परत येण्यास पुरेसा अवधी मिळेल. पौर्णिमेला किंवा अमावास्येला उधाणामुळे पाणी खूप मागे हटते, पण पूर्ण ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास येते, म्हणजे परतताना अंधार पडतो. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी, असल्याने पाणी फारसे ओसरतच नाही. म्हणून आपल्या दोन दिवसांत द्वादशी किंवा त्रयोदशी येत असेल, तर तीच निवडावी. हा हिशोब अंदाजाचा असल्याने निघण्यापूर्वी किनाऱ्यावरील कोळी बांधवांना किंवा घोडागाडीवाल्यांना विचारूनच पाऊल टाकावे. पाणी वळल्यावर पहिल्या तासात हळू चढते आणि मधल्या तासांत झपाट्याने वाढते, हे लक्षात ठेवून पूर्ण ओहोटीच्या आधी किल्ल्यावर पोहोचावे आणि पाणी वळताच परतीला लागावे. वाटेतल्या खडकांवर शेवाळ असते, त्यामुळे सासूबाईंना घोडागाडीनेच नेणे योग्य.

दुसऱ्या दिवशी पहाटे रेवदंडामार्गे फणसाडला जावे. एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाची शिकारीची राखीव जागा असलेल्या या जंगलाला 1986 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुपेगावच्या प्रवेशद्वाराशी नोंद करून स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा. कोकणातली थंडी सकाळपुरतीच असते. अकरानंतर ऊन जाणवू लागते, तेव्हा त्याआधी चालणे संपेल इतकीच वाट ठरवावी. जंगलातील पाणवठ्यांना इथे ‘गाण’ म्हणतात. गाणापर्यंत जाण्याचा मोह होईल, परंतु सासूबाईंना जेवढे झेपेल तेवढेच सर्वांनी चालावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. घरातले पुढे निघून गेले आणि आजी झाडाखाली एकट्या बसून राहिल्या, तर ती सहल कुटुंबाची राहत नाही.

मुलाच्या कंटाळ्याबद्दल म्हणाल, तर त्याला प्राणी शोधायला सांगण्याऐवजी घरटी शोधायला सांगावे. आपला राज्यप्राणी शेकरू उंच झाडांच्या फांद्यांच्या बेचक्यांत काटक्या आणि पाने रचून मोठे गोल घरटे बांधतो, आणि एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधत असल्याने ती दिसण्याची शक्यता शेकरू दिसण्यापेक्षा पुष्कळ जास्त असते. घरटे दिसले की तिथे काही वेळ अगदी शांत उभे राहावे. वरून खडखडाटासारखा आवाज आला, तर त्या दिशेने पाहावे, लांब झुपकेदार शेपटी बहुधा आधी नजरेस पडते. तसेच गारंबीची वेल त्याला जरूर दाखवावी. मोठ्या वृक्षांवर चढलेल्या या वेलीची शेंग हातभर किंवा त्याहूनही लांब असते आणि तिच्यातील चपट्या, गुळगुळीत, तपकिरी बिया पाण्यावर तरंगत ओढ्यांतून समुद्रापर्यंत पोहोचतात. अशी बी वाटेवर सापडल्यास मुलाने हातात घेऊन पाहावी आणि पुन्हा तिथेच ठेवावी, कारण अभयारण्यातून काहीही बाहेर नेता येत नाही.

कपडे पूर्ण बाह्यांचे आणि बूट बंद असावेत. पावसाळ्यानंतर वाळलेल्या गवताची कुसळे मोज्यांत रुततात आणि लहान मुले त्यामुळे पुढे चालायला नकार देतात, म्हणून मोज्यांचा एक जादा जोड पिशवीत घ्यावा. परतताना काशीदला थांबलात, तर वाळूवर जरूर खेळावे, परंतु तिथले पाणी ओढ घेणारे असल्याने मुलाला घोट्यापेक्षा खोल पाण्यात जाऊ देऊ नये.