वाचकांचे प्रश्न : आंबोली टोड मोजायचे कसे, टिकतील हे ठरवायचं कसं?

प्रश्न : आंबोलीच्या सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर) गेल्या जूनमध्ये दिसले त्याच्या निम्मेच आंबोली टोड (बेडकाचाच एक प्रकार) यंदा दिसले. संख्या निम्म्यावर आली असं धरायचं का? (सावंतवाडीचा एक निसर्ग गट)

उत्तर : एवढ्यावरून नाही. तुम्हाला दिसतात ते टोड म्हणजे तिथे असलेले टोड गुणिले ते दिसण्याची शक्यता. ही शक्यता पावसागणिक बदलते. पहिल्या जोरदार सरींनंतर ते जांभ्यावरच्या उथळ डबक्यांशी जमतात. चार दिवस उघाड पडली की दगडांखाली दडतात. रात्र चुकली तर आकडा सहज निम्मा होतो.

म्हणून एकाच आठवड्यात, तेच ठिकाण, किमान दोन रात्री घ्या आणि प्रत्येक टोड ओळखा. समजा पहिल्या रात्री ४० टिपले, दुसऱ्या रात्री ३५, आणि त्या ३५ मधले १३ आदल्या रात्रीचेच निघाले. मग तिन्ही आकड्यांत एकेक मिळवून, एकूण संख्येचा अंदाज (४१ × ३६) ÷ १४ − १, म्हणजे सुमारे १०४. पण खरी संख्या साधारण ७० ते १३८ मध्ये कुठेही असू शकते. इतक्या रुंद पट्ट्यात वीस टक्क्यांची घट एका वर्षात दिसणारच नाही, हे ध्यानात असू द्या.

ओळखीची खूण म्हणून टोडचं बोट कापू नका. या टोडच्या कुशीवर वाघासारखे पट्टे असतात, तेच वापरा. दोन्ही कुशींचे फोटो हवेतच. एका रात्री डावी, दुसऱ्या रात्री उजवी कूस टिपली तर एकाचे दोन टोड होतात, जुनी ओळख पटत नाही आणि अंदाज फुगतो. अंग ओलं असल्यामुळे समोरून फ्लॅश मारला की पट्टे पांढरे पडतात. प्रकाश तिरपा घ्या. वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्या. हाताला डासांचं मलम नको, आणि दुसऱ्या सड्यावर जाण्याआधी बूट घासून निर्जंतुक करा. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी चिखलातूनही जाते.

प्रश्न : पैसा आणि माणसं थोडी आहेत. डबकी राखावीत की रात्री रस्त्यावर थांबून टोड वाचवावेत? (प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : याचं उत्तर गणितातून काढता येतं. २००९ मध्ये बेडूकतज्ज्ञ एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेली ही जात ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत आहे आणि तिचा प्रदेश अगदी चिमुकला आहे, त्यामुळे चुकीच्या जागी लावलेलं बळ परवडणारं नाही.

फक्त माद्या मोजा आणि दोनच गट धरा : एक वर्षाच्या आणि प्रौढ. खालचे आकडे रीत दाखवण्यापुरते आहेत, आंबोलीचे नव्हेत. एका मादीची ४० अंडी, त्यातून २० माद्या. २० टक्के डबक्यातून बाहेर पडतात. त्यातल्या २० टक्के वर्षाच्या होतात. म्हणजे मादीमागे ०.८. पुढे वर्षाची मादी प्रौढ होण्याची शक्यता ०.४, प्रौढ मादी पुढच्या पावसापर्यंत जगण्याची ०.६. यातून वार्षिक वाढीचा दर ०.९४ येतो, म्हणजे दरवर्षी संख्या आदल्या वर्षाच्या ०.९४ पट होते : शंभराच्या दहा वर्षांत ५४.

आता रस्त्यावर टोड वाचवून प्रौढांचं जगणं ०.६ वरून ०.७ करा : दर १.०१५, घट थांबली. तितक्याच प्रमाणात, म्हणजे २० वरून २३.३ टक्के, डबकी राखून डबक्यातलं जगणं वाढवा : दर ०.९८, घट चालूच. या आकड्यांपुरतं उत्तर रस्ता असं आहे. शिवाय डबक्यात दाटी झाली की बेडूकमासे खुरटतात, त्यामुळे जास्तीच्या अंड्यांचा फायदा कागदावर दिसतो तेवढा मिळत नाही. मात्र खऱ्या आयुष्यात डबक्यातलं जगणं एका वर्षी शून्य, दुसऱ्या वर्षी पन्नास टक्केही होऊ शकतं. सडा खणून किंवा गाड्या घालून डबकीच गेली, तर वरचा निकाल गैरलागू.

प्रौढांच्या जगण्याचा दर हवा असेल तर तीन-चार पावसाळे तेच फोटो जुळवावे लागतील. त्यातही एक मेख आहे : सोडून गेलेला टोड हिशेबात मेलेला ठरतो. म्हणून पाहणीची हद्द डबक्यांच्या काठाशी संपवू नका.

प्रश्न : सरासरी आकडे घालून ३० वर्षांचा अंदाज काढला तर चालेल? (तीच वाचक)

उत्तर : चालणार नाही. एका वर्षी १.४ आणि पुढच्या वर्षी ०.६ असा दर असेल तर सरासरी १ भरते, पण शंभराचे ८४ उरतात. दरवर्षीचे आकडे चिठ्ठी काढल्यासारखे निवडा आणि ३० वर्षांचा हिशेब हजार वेळा चालवा. मात्र प्रत्येक डबक्यासाठी वेगळी चिठ्ठी काढू नका. जूनमधली लांबलेली उघाड सगळा सडा एकदम वाळवते. वेगवेगळ्या चिठ्ठ्यांनी धोका खोटाच कमी दिसतो. नामशेष होण्याची रेघ शून्यावर नको, समजा १० माद्यांवर ठेवा. आणि ‘अमुक टक्के धोका’ असं वनविभागाला सांगण्याऐवजी दोन उपायांतला फरक सांगा : इनपुट कच्चे असले तरी क्रम बहुधा टिकतो, टक्केवारी टिकत नाही.