फोल्डिंग सायकल परवडेल का?

प्रश्न : गाव ते हिंगणघाट ७ किमी, त्यात दीड किमी पांदण रस्ता. पुढे एसटीने वर्धा, तिथे स्टँडपासून ऑफिस ३ किमी. फोल्डिंग सायकल घ्यावी का?
– एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : दोन्ही टोकांना चालवणार असाल तरच. हिंगणघाटपर्यंतच लागत असेल तर साधी सायकल स्टँडवर लावा, पैसे वाचतील.

घ्यायचीच तर २० इंची चाकांची. १६ इंची खड्ड्यात अडकते. टायरवर ४०६ आकडा (रिमचा मिमीमधला माप) पाहा. मुलांच्या २० इंची सायकलीची ट्यूब त्याला चालते, तालुक्याला मिळते. ४५१ असेल तर ट्यूबसाठी मोठं शहर गाठा. वजन साधारण १२ ते १५ किलो भरतं. दुकानातच घडी करून, एसटीच्या पायरीइतकी एका हाताने उचलून पाहा. घडी केल्यावर चेन बाहेरच्या बाजूला येत असेल तर कापडी कव्हर हवंच, नाहीतर शेजाऱ्याचा पायजमा काळा होतो आणि कंडक्टर पुन्हा चढू देत नाही.

खरी भानगड सायकल जिथे दुमडते त्या बिजागरीची. काळी माती खाचेत सुकली की पकड पूर्ण बसत नाही, जोर लावला की झिजते. ओल्या ब्रशने माती काढा, कोरडं पुसा, खिळीला तेलाचा एक थेंब द्या. मग जोडावर बोट ठेवून, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. जोड हलताना जाणवला तर बिजागरीचा लिव्हर उघडून समायोजनाचा नट पाव आटाच आवळा.

बाभळीच्या काट्यांसाठी टायरमध्ये लायनर (टायर आणि ट्यूबमधली जाड पट्टी) टाका. पावसाळ्यात मात्र पांदणीचा चिखल मडगार्डात ठासून चाक फिरतच नाही. तेवढा दीड किमी सायकल खांद्यावर.