वाचकांचे प्रश्न: हेडफोन अ‍ॅम्पचा उजवा कान बंद पडलाय

प्रश्न: नमस्कार सर, मी किट आणून हेडफोन अ‍ॅम्प बनवलाय. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, सॉकेटमध्ये ओपीए २१३४ आयसी, १० के चा डबल व्हॉल्यूम पॉट, इनपुटला ३.५ मिमी आणि आउटपुटला ६.३५ मिमी जॅक. चार महिने मस्त चालला आणि परवा उजवा चॅनेल एकदम बंद, खरखर पण नाही, डावा मात्र अगदी स्वच्छ वाजतो. हेडफोन फोनला लावून बघितला तर दोन्ही कानांत आवाज येतो. आयसी गेला असणार म्हणून नवीन आणून बसवला, काही फरक नाही. आता पॉट आणि दोन्ही जॅक बदलू, की सगळा बोर्डच नवीन करू?

उत्तर: थांबा, अजून काहीच बदलू नका. बोर्ड तर अजिबात नको. एक चॅनेल बंद आणि एक चालू असणं ही खरं तर रिपेअरिंगमधली सगळ्यात चांगली परिस्थिती आहे, कारण सर्किटची एक अख्खी चालू कॉपी तुमच्या समोर त्याच बोर्डवर बसलेली आहे. कुठे किती व्होल्टेज असायला हवं हे कुणाला विचारायलाच नको, डाव्या बाजूला मोजा आणि तीच जागा उजवीकडे मोजा, जिथे आकडे जुळायचे थांबतात तिथे फॉल्ट.

म्हणून तुमचं पत्र आलं तेव्हा मी तुम्हाला काही मापं घ्यायला सांगितली होती आणि तुम्ही ती फार नीट घेऊन पाठवलीत, बाकीच्या वाचकांसाठी इथे देतो. आधी इनपुटच्या केबलची डावी-उजवी बाजू अदलाबदल करून बघितली, तरी बंद उजवाच, म्हणजे फोन आणि केबल निर्दोष. मग हेडफोन काढून ठेवला, बॅटरी चालू, मीटरचा काळा प्रोब दोन बॅटऱ्यांच्या मधल्या ग्राउंडवर, आणि आयसीच्या दोन्ही आउटपुटवर डीसी मोजलं: पाय १ वर (डावा) १ मिलिव्होल्ट, पाय ७ वर (उजवा) २ मिलिव्होल्ट. त्यानंतर फोनवरून ४०० हर्ट्झचा टोन सोडला, व्हॉल्यूम साधारण मध्यावर ठेवला आणि मीटर एसीवर टाकला. इनपुट जॅकवर दोन्हीकडे २००, पॉटच्या मधल्या पायावर दोन्हीकडे ६०, आयसीच्या पाय ३ वर ६०, पाय ५ वर शून्य, सगळं मिलिव्होल्टमध्ये. आउटपुटला पाय १ वर ६५०, पाय ७ वर शून्य.

आता हे आकडे काय बोलतात ते बघू, कारण यात जवळजवळ सगळं उत्तर आहे.

पाय १ वर ६५० म्हणजे ६० ची साधारण ११ पट, तुमच्या किटमधे १ के आणि १० के च्या रेझिस्टरांनी तेवढाच गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) ठेवलाय, म्हणजे डावी बाजू बरोबर आहे आणि तिच्यावर मापपट्टी म्हणून विश्वास ठेवता येईल. पाय ७ ला सिग्नल नाही, पण डीसी जवळजवळ शून्य आहे, आणि हे फार महत्त्वाचं आहे. आयसीचा उजव्या चॅनेलचा अर्धा भाग मेलेला असता किंवा त्याचा फीडबॅक (आउटपुटमधून परत इनपुटला येणारा रस्ता) तुटला असता तर पाय ७ बहुतेक एका बाजूला जाऊन अडकला असता, प्लस किंवा मायनस ७-८ व्होल्टवर. तसं नाहीये. म्हणजे आयसी जागेवर आहे, शांत बसलाय, कारण त्याला ऐकायलाच काही मिळत नाहीये. बॅटरीवर संशय घ्यायचं तर कारणच नव्हतं, कारण एका आयसीत दोन्ही चॅनेल पाय ८ आणि पाय ४ वरचाच सप्लाय वापरतात, सप्लाय गेला तर दोन्ही कान सोबत जातात.

पॉटचं तुम्ही विचारलंत. मधल्या पायावर दोन्हीकडे ६० मिळतंय, पॉट ठणठणीत आहे. इनपुट जॅक पण. आउटपुट जॅक पाय ७ च्या पुढे येतो आणि सिग्नल तर पाय ५ लाच पोचत नाहीये, त्यामुळे तोही आत्ता यादीतून बाहेर. (हेडफोन फोनला लावताना ६.३५ चा अ‍ॅडॅप्टर काढलेला असतो, म्हणजे अ‍ॅडॅप्टर न तपासताच राहतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तुमच्या केसमधे तो दोषी नाही, पण सवय म्हणून तोही बदलून बघत जा.)

मग उरलं काय? पॉटचा मधला पाय ते आयसीचा पाय ५, एवढासा रस्ता. त्यात ०.२२ मायक्रोफॅरडचा एक फिल्म कॅपॅसिटर, त्याच्या पुढून ग्राउंडला जाणारा १०० के चा रेझिस्टर आणि दोन-तीन सेंटीमीटर ट्रॅक. इथे दोनच गोष्टी होऊ शकतात, एक तर रस्ता तुटलाय, नाहीतर पाय ५ कुठेतरी ग्राउंडला चिकटलाय. माझं मत तुटलाय असं आहे आणि तेही तुमच्याच आकड्यांवरून. पाय ५ ग्राउंडला शॉर्ट असता तर कॅपॅसिटरचं दुसरं टोक ग्राउंडला बसलं असतं, ४०० हर्ट्झला ०.२२ चा कॅपॅसिटर साधारण १.८ किलोओहमसारखा वागतो, आणि १० के च्या पॉटला तेवढा भार नक्की जाणवतो, उजव्या मधल्या पायावर ६० ऐवजी ४० च्या आसपास दिसलं असतं. तुम्हाला पूर्ण ६० दिसलं, म्हणजे पुढे कुणी करंट ओढतच नाहीये. आणि १०० के चा रेझिस्टर पण जोडलेला आहे, तो सुटला असता तर पाय ५ अधांतरी राहिला असता आणि पाय ७ चं डीसी सहसा असं २ मिलिव्होल्टवर शांत बसत नाही, भरकटतं.

तरी खात्री करायची असेल तर बॅटऱ्या काढा, आयसी सॉकेटमधून काढा, आणि ओहमवर पाय ३ ते ग्राउंड आणि पाय ५ ते ग्राउंड मोजा. दोन्हीकडे १०० के आलं तर माझं म्हणणं बरोबर. पाय ५ ला शून्याच्या जवळ काही आलं तर मात्र मी चुकलो, मग भिंग घेऊन सोल्डरचा एखादा पूल शेजारच्या पॅडवर गेलाय का ते शोधा.

आता दुरुस्ती. पहिल्यांदा दुसरा एक ०.१ किंवा ०.२२ चा कॅपॅसिटर घ्या, त्याचं एक टोक पॉटच्या उजव्या मधल्या पायावर टेकवा आणि दुसरं पाय ५ वर, व्हॉल्यूम अगदी कमी ठेवून. उजवा कान बोलायला लागला की फॉल्ट पकडला. मग बोर्ड उलटा करून जुन्या कॅपॅसिटरचे दोन्ही जॉइंट बघा. चार महिन्यांनी बंद पडलंय म्हणजे मला ड्राय सोल्डरच (नीट न धरलेला जॉइंट) वाटतोय, पायाभोवती बारीक गोल चीर दिसेल किंवा सोल्डर चमकदार न दिसता दाणेदार, मळकट दिसेल. थोडं फ्लक्स लावा, सोल्डरिंग आयर्न पाय आणि पॅड दोघांना एकदम टेकवा, नवीन सोल्डर थोडं द्या, दोन-तीन सेकंदांत काढा आणि गार होईपर्यंत हलवू नका. तरी आवाज नाही आला तर कॅपॅसिटरचा पाय आतून सुटलेला असेल (पाय वाकवताना ओढला गेला की असं होतं), तो एकच कॅपॅसिटर बदला.

एवढं लांबण लावून लिहिलं कारण पार्ट बदलत बदलत फॉल्ट शोधायची सवय फार नुकसान करते. मी सुरुवातीला एका अ‍ॅम्पमधे असाच अंदाजाने पॉट काढला, पॉट चांगला होता, पण काढताना दोन पॅड बोर्डवरून उखडले, आणि जिथे एक फॉल्ट होता तिथे तीन झाले. मीटर लावल्याने काही तुटत नाही.

मीटरबद्दल एक सांगायचं राहिलं. साध्या छोट्या मीटरवर एसीची सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्ट असते, त्यावर मिलिव्होल्ट दिसणारच नाहीत, आणि वाचक समजतात सिग्नलच नाही. तसा मीटर असेल तर ज्याला ऑक्स इनपुट आहे असा बॅटरीवरचा स्पीकर घ्या, त्याच्या केबलचं ग्राउंड अ‍ॅम्पच्या ग्राउंडला, आणि सिग्नलच्या तारेत ०.१ चा कॅपॅसिटर लावून ते टोक एकेका जागी टेकवत जा. जिथे टोन ऐकू यायचा थांबतो तिथे थांबा. टोन ४०० हर्ट्झचाच का, तर बऱ्याच साध्या मीटरांचं एसी त्याच्या फार वर बरोबर दाखवत नाही.

प्रश्न: माझ्याही अ‍ॅम्पचा डावा चॅनेल बंद आहे, पण चालू करताना त्या कानात जोरात ठप्प असा आवाज येतो आणि मग शांतता. आउटपुटला मोजलं तर डीसी ७.८ व्होल्ट दाखवतं. अ‍ॅम्प बॅटरीवरचाच, एकाच आयसीचा. काय करू?

उत्तर: सगळ्यात आधी हेडफोन काढा आणि हा आकडा खाली येईपर्यंत परत लावू नका. तो ठप्प म्हणजे पडद्याला डीसीचा धक्का बसतोय आणि पुढची शांतता म्हणजे पडदा एका बाजूला ओढून धरला गेलाय, कॉइल तापून कायमची जाऊ शकते. तुमची केस वरच्यापेक्षा वेगळी आहे, इथे आयसीचं आउटपुट खरंच सप्लायला जाऊन अडकलंय. पाय १ ते पाय २ मधला फीडबॅकचा रेझिस्टर आयसी काढून मोजा आणि उजव्या बाजूच्या पाय ७ ते पाय ६ शी ताडून बघा. मग पाय ३ ते ग्राउंडचा रेझिस्टर. दोन्ही बरोबर असतील तर आयसीचा एखादा पाय सॉकेटमधे न जाता पोटाखाली दुमडलाय का ते नक्की बघा, वरून दाबून बसवताना हे फार वेळा होतं आणि वरून दिसत नाही. हे सगळं ठीक निघालं तरच नवीन आयसी घाला. घातल्यावर हेडफोनशिवाय डीसी मोजा, १०-२० मिलिव्होल्टच्या आत आलं की मगच प्लग लावा, आणि पहिल्यांदा लावताना चांगला हेडफोन नको, जुना कुठलातरी घ्या.