ऑटोकॅड येतं, पण हाताने ड्रॉइंग शिकायचंय. धुळ्यात घरच्या घरी सुरुवात कशी करू?

वस्तू काढायची घाई करू नका, आधी रेषा बसवा. कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर, रेषेची जाडी मागून देता येते. कागदावर ती हाताच्या दाबातून येते आणि कॅडवाल्यांची पहिली शीट तिथेच फसते.

700 × 500 मिमीचा बोर्ड, ए2 शीट, मिनी ड्राफ्टर (बोर्डाला अडकवायचं, काटकोनातल्या दोन पट्ट्यांचं साधन), कंपास, 2एच (कडक) आणि एचबी (मऊ) पेन्सिल, एवढं पुरे. ड्राफ्टर जुना चालेल, पण घेताना त्याने 200 मिमीचा चौरस काढून दोन्ही कर्ण मोजा. 282.8 यायला हवेत. दरवेळी तोच कर्ण मोठा येत असेल तर पट्ट्यांचा काटकोन गेलाय. कधी हा, कधी तो येत असेल तर सांधे ढिले आहेत.

आठवडाभर 5 मिमी अंतराने आडव्या रेषा मारा. पेन्सिल साधारण 60 अंशांत कललेली आणि ओढताना बोटांत हळूहळू फिरती ठेवा. न फिरवल्यास टोक एकाच बाजूने झिजतं, रेषा बारीक सुरू होऊन जाड संपते. बाह्यरेषा बारीक रेषेच्या दुप्पट जाड हवी. कंपासवर पेन्सिलइतका जोर देता येत नाही, म्हणून त्यात एक दर्जा मऊ शिसं घाला, नाहीतर वर्तुळं फिकी दिसतात.

मग भंगारातून मोटारपंपाचा चार भोकांचा फ्लँज (पाइप बोल्टने जोडायची गोल चकती) आणा. भोकांचे मध्य ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास थेट मोजता येत नाही. समोरासमोरच्या दोन भोकांच्या आतल्या कडांमधलं अंतर घ्या, त्यात एका भोकाचा व्यास मिळवा: 102 + 18 = 120. फिकं काढलेलं ड्रॉइंग गडद, पक्कं करताना आधी वर्तुळं आणि कंस, नंतर सरळ रेषा. कंसाला रेषा जुळवणं सोपं, उलट केलं की सांध्यावर पायरी दिसते.

दृश्यं मांडायला आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत चालते, म्हणजे वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली. अमेरिकन व्हिडिओंत ते वर असतं, तेवढं बघून घ्या.

आणि हो, मे महिन्यात कूलरसमोर बसणार असाल तर शीट टेपने चिकटवण्याआधी अर्धा तास त्याच हवेत मोकळी ठेवा. ओल्या हवेने कागद फुगतो. आधीच चारही कोपरे चिकटवले असतील तर मधे पोट येतं आणि ड्राफ्टरची पट्टी त्यावर अडखळते. घामट हाताखाली कोरा कागद घ्या.