‘कन्व्हीनियंट’ माणूस कसा असतो?

प्रश्न असा आलाय : चिनी मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवते; बरीचशी मुलं ‘आर यू कन्व्हीनियंट टुमॉरो?’ असं विचारतात. चूक कशी समजावून सांगू?

ही चूक आता एकट्या चिन्यांची राहिलेली नाही. आपल्याकडच्या ऑफिसांतल्या ईमेलमध्येही ‘व्हेनेव्हर यू आर कन्व्हीनियंट’ सर्रास दिसतं आणि वाचून डोकं फिरतं. आपल्याला तर सबबही नाही. ‘तुम्हाला उद्या सोयीचं आहे का?’ म्हणणारा माणूस ‘तुम्ही उद्या सोयीचे आहात का?’ म्हणेल का? चिनीत मात्र ‘नी मिंगथ्येन फांगब्येन मा?’ हे शुद्ध आहे : तू उद्या फांगब्येन आहेस का? मुलं तेच उचलून इंग्रजीत ठेवतात.

हे विशेषण माणसाला लागतच नाही, असं शिकवणारेही भेटतात. साफ चूक. लागतं, पण मग माणसाची वस्तू होते. ‘कन्व्हीनियंट स्केपगोट’ म्हणजे ज्याच्या माथी खापर फोडणं सोपं, असा बापडा.

खरी गंमत फांगब्येनमध्ये आहे. शब्दकोश ‘फांगब्येन म्हणजे कन्व्हीनियंट’ एवढं लिहून मोकळे होतात. अहो, हा तर आपला ‘उपाय’! बौद्ध ग्रंथांचा भाषांतरकार कुमारजीव, त्यानं इ.स. 406 मध्ये चीनमधल्या छांगआन शहरात सद्धर्मपुंडरीकसूत्र हा बौद्धांचा संस्कृत ग्रंथ चिनीत आणला, तेव्हा दुसऱ्या, उपायकौशल्याच्या प्रकरणाला नाव दिलं ‘फांगब्येन’. ज्याला जसं पचेल तसं सांगायची बुद्धाची हातोटी, ती ही. पुढच्याच प्रकरणात घर पेटलंय आणि मुलं खेळ सोडून बाहेर यायला तयार नाहीत. बाप ओरडतो, दाराबाहेर गाड्या उभ्या आहेत, बोकडांच्या, हरणांच्या, बैलांच्या! पोरं धावत सुटतात. बापानं केलं ते फांगब्येन. हा शब्द बौद्धांच्या आधीच चिनीत होता, तेव्हा उपायाचं कौतुक पुरे, असं काही अभ्यासक म्हणतात. असेल की आधी. पण त्याला घरोघरी पोचवलं ते सूत्रांनी, हे माझं मत मी सोडणार नाही.

आणखी पुढे. ‘उपाय’ म्हणजे उप अधिक इ, जवळ जाणं. कन्व्हीनियंट आला लॅटिन ‘कन्वेनीरे’वरून, एकत्र येणं, त्यातला ‘वेनीरे’ आपल्या ‘गम्’ धातूचा भाऊबंद. म्हणजे कन्व्हीनियंटला संस्कृतात शोधायचं तर ‘संगत’पाशी थांबावं लागतं. पूर्वी इंग्रजीतही त्याचा अर्थ ‘सुसंगत, उचित’ असाच होता. एक जवळ जातो, दुसरा एकत्र येतो, आणि दोघेही शेवटी पोचतात कुठे? शौचालयात. चिनी माणूस ‘जरा फांगब्येन करून येतो’ म्हणत उठला तर समजून घ्यावं; लघवीला ‘श्याओब्येन’ म्हणतात, त्यातही तेच ब्येन. ब्रिटनमध्ये ‘पब्लिक कन्व्हीनियन्सेस’ अशा पाट्या असतात. आणि एसटी स्टँडवर ‘इथं बायकांची काही सोय आहे का हो?’ असं आपणही विचारतोच.

हां, मुलांचं राहिलं. ‘इज टुमॉरो कन्व्हीनियंट फॉर यू?’ हे घोकून घ्या. जीभ अडखळली तर ‘आर यू फ्री?’ आहेच. शिवाय ‘हाउ कन्व्हीनियंट!’ हा टोमणाही शिकवा. फांगब्येनला तो सहसा जमत नाही. पण आपण ‘साहेब सोयीस्करपणे विसरले’ असं रोजच म्हणतो, तेव्हा निदान तुम्हाला तो समजावणं जड जाऊ नये.