विहिरीला पेट्रोलचा वास आणि पंपवाल्याचा शब्द

तुळजापूर रस्त्याला तुमचं शेत, बांधाला लागून पेट्रोल पंप. साडेचार वर्षांपूर्वी पावसाळ्यात विहिरीच्या पाण्याला वास आला. पंपचालकाने ‘टाकी बदलतो’ असा शब्द दिला, दोन वर्षं टँकर पाठवला. आता जुनी टाकी काढून, खड्डा मुरमाने बुजवून तो म्हणतो, ‘आमचा काय संबंध?’ सोलापूरच्या कोर्टात दावा टाकू की पोलिसांत जाऊ, असं तुम्ही विचारता. याच वळणाची पत्रं मला बरीच येतात. रस्ता बदलतो, पंप बदलतो. ‘शब्द दिला होता’ एवढं बदलत नाही.

दोष कुणाचा, ते नंतर. तुमचं सगळं एका तारखेवर अडलंय. राष्ट्रीय हरित लवाद म्हणजे पर्यावरणाच्या तंट्यांचं खास न्यायालय. राष्ट्रीय हरित लवाद कायदा, 2010, कलम 15 प्रमाणे भरपाईचा आणि जमीन-पाणी पूर्ववत करून मागण्याचा अर्ज दाव्याचं कारण ‘प्रथम’ उद्भवल्यापासून 5 वर्षांत करावा लागतो. उशिराचं सबळ कारण दाखवलंत तर आणखी 60 दिवस; त्यापुढे लवादाचेही हात बांधलेले. वास आजही येतो म्हणून मुदत रोज नव्याने सुरू होते, असा युक्तिवाद मीही करीन, पण त्याच्या भरवशावर घरी बसू नका. समोरचा वकील तुमचाच व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुढे करील: ‘भाऊ, विहिरीला पेट्रोलचा वास मारतोय.’ तीच तुमची पहिली तारीख. तोंडी शब्दाने मुदत वाढत नाही, टँकरने तर नाहीच. पहिल्या टँकरच्या दिवशी दोन ओळी लिहून घेतल्या असत्या तर आज निदान हातात कागद असता. असो. सहा महिने उरलेत. ते 60 दिवस हिशेबात धरू नका.

दिवाणी दाव्याचा नाद सोडा. लवादाच्या कक्षेतल्या भरपाईला कलम 29 ने दिवाणी कोर्टाचं दार बंद केलंय. दावा टाकलात तर अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावरच तारखा पडत राहतील आणि तुमची पाच वर्षं तिथेच संपतील. अर्ज पुण्याच्या खंडपीठाकडे करायचा. शुल्क मागितलेल्या भरपाईच्या 1 टक्का, किमान 1000 रुपये. तेव्हा आकडा फुगवू नका. चालकाबरोबर तेल कंपनीलाही सामील करा. टाकी कुणाच्या मालकीची, परवाना कुणाच्या नावे, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

आता पुरावा. प्लास्टिकच्या बाटलीत अर्धं भरून आठवडाभर गाडीच्या डिकीत ठेवलेलं पाणी पुरावा नव्हे. पेट्रोलमधलं बेंझीन उडून जातं. नमुना काचेच्या कुपीत, वर हवेचा बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरायचा आणि बर्फात घालून प्रयोगशाळेत न्यायचा. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, आणि तुमची मोटर पाणी तळातून ओढते. नळाचा नमुना स्वच्छ निघाला म्हणून विहीर स्वच्छ ठरत नाही. वरच्या थराचा नमुना वेगळा घ्या. काळ्या मातीखाली आपल्याकडे बेसॉल्ट आहे. त्याच्या भेगांतून गळती कुठल्या दिशेला गेली, हे अंदाजाने सांगणाऱ्याचं ऐकू नका. भूजलाचा उतार काढायला किमान तीन विंधणविहिरींतली पातळी लागते. शिवाय पंपाच्या वरच्या अंगाची एक विहीर तुलनेला हवी. तिथे काही सापडलं नाही, तरच तुमच्या विहिरीतलं बेंझीन पंपाकडे बोट दाखवतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या बेंझीनची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे.

एवढं सगळं खिशातून करू नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूर कार्यालयात आजच लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि नमुने पंचांसमोर घ्यायची मागणी करा. जल कायदा, 1974 मध्ये ‘प्रवाहा’च्या व्याख्येत भूगर्भातलं पाणीही येतं, म्हणून ‘ही नदी नव्हे’ हे उत्तर ऐकून परतू नका. जुलै 2025 चे दूषित जागांचे केंद्रीय नियमही आलेत. त्यांखाली जिल्हा प्रशासनाकडे अर्ज जरूर द्या, पण तिथल्या फायलीने लवादाची मुदत थांबत नाही.

अर्जासोबतच एक अंतरिम मागणी करा: पंपाची डिपची वही जपून ठेवण्याचा आदेश. टाकीत दांडी बुडवून रोज मोजलेला साठा आणि यंत्रावरची विक्री जुळत नसेल, तर बाष्पीभवन वजा जाता उरलेली तूट कुठे गेली ते त्यालाच सांगावं लागेल. टाकी काढली, खड्डा बुजवला. वही अजून असेल.

पिकाच्या नुकसानीचं किती मिळेल, याचा आकडा मी देणार नाही. पोलिसांत जायचं तर जा, पण त्यानेही लवादाची मुदत थांबत नाही.

आणि डिकीतली ती बाटली ओढ्यात ओतू नका.